भूमिका-खेळांतील पात्रांचा साधेपणा आणि नियमांचा पसारा

कोणत्याही कृतीचें परीक्षण करूं लागलें असतां ती साधी आहे कीं गुंतागुंतीची आहे, हा प्रश्न टीकाकारानें सर्वांत शेवटीं विचारावा. कारण साधेपणा हा जसा गुण असूं शकतो तसेंच तें दारिद्र्यावरचें पांघरूणही असूं शकतें. आणि गुंतागुंत ही जशी समृद्धीची खूण असते तशीच ती कित्येकदां केवळ अडगळ असते. काव्याच्या बाबतींत हा विवेक मराठी वाचकांस नवा नाहीं. पंडित कवि श्रेष्ठ कीं संत कवि, ह्या वादावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तोच वाद गेलीं पन्नास वर्षें एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत हिरीरीनें चालू आहे, आणि तें क्षेत्र म्हणजे खेळाचें. खेळ ही पोरांची बाब, तिच्यावर टीकालेख तो काय लिहावयाचा, असें म्हणणाऱ्यांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, औरंगाबादच्या (आतांच्या छत्रपती संभाजीनगरच्या) हरिकृष्ण पंडितांनीं १८७१ मध्यें 'क्रीडाकौशल्य' हा ग्रंथ संस्कृतांत रचिला, तेव्हां आपल्याच मराठवाड्यांतील एका शास्त्रज्ञास हा विषय अप्रतिष्ठेचा वाटला नव्हता.

ज्या खेळाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्यास इंग्रजींत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही त्यास भूमिका-खेळ म्हणूं. चार-पांच मंडळी मेजाभोंवतीं, अथवा आपल्याकडे सतरंजीवर, बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो व बाकीचे एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: रात्र झाली आहे, समोर पडका किल्ला आहे, दरवाजा आंतून लावलेला आहे, आणि मग विचारतो, 'आतां तुम्ही काय करणार?' खेळाडू आपल्या पात्राच्या वतीनें उत्तर देतो, आणि ज्या कृतीचें फळ अनिश्चित असेल तिचा निकाल फांसे देतात. ह्यांत पट नसला तरी चालतें, जिंकणें-हरणें बहुधा नसतें, आणि एकच कथा महिनोन् महिने चालूं शकते. प्रत्येक पात्र कोणत्या तरी एका वर्गाचें असतें. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी उपासक, कोणी चोर. त्या पात्रास काय करतां येतें हें वर्गावरून ठरतें. म्हणून वर्गाची रचना हाच ह्या खेळाच्या कारागिरीचा गाभा होय, आणि वाद आहे तोही ह्याच ठिकाणीं आहे.

ह्या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकनांनीं १९७४ मध्यें प्रसिद्ध केला. तीन लहान पुस्तिकांच्या त्या पेटींत वर्गही तीनच होते: लढवय्या, जादूगार व उपासक. १९८१ सालीं निघालेली ह्या खेळाची सोपी आवृत्ति पाहिली म्हणजे मूळ योजना चांगली ध्यानांत येते. पहिल्या पायरीवरील लढवय्याचें प्राणबळ आठ बाजूंच्या फांशानें ठरे, जादूगाराचें चार बाजूंच्या. लढवय्यानें तलवार उचलावी आणि चालवावी. जादूगाराजवळ मात्र दिवसास एकच मंत्र, आणि तो कोणता पाठ करून निघावें हें सकाळींच ठरवावें लागे. जो लढवय्या झाला त्यास सोपें व सुरक्षित जिणें मिळालें. जो जादूगार झाला त्यास कष्टाचें व नाजूक, पण जगला-वांचला तर पुढें अफाट सामर्थ्याचें. ह्या व्यवस्थेंत एक प्रकारचा न्याय होता हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो न्याय सर्वस्वीं काळाच्या स्वाधीन केलेला होता. कथा लवकर संपली तर जादूगाराचा खेळाडू उपाशी राहिला, आणि दूरवर गेली तर लढवय्याचा खेळाडू हळूहळू प्रेक्षक झाला. एकाच वेळीं दोघांचेंही पान वाढलेलें आहे, असा काळ त्या पंक्तींत थोडाच होता.

पुढील वर्षीं, म्हणजे १९७५ मध्यें, 'ग्रेहॉक' नांवाच्या पुरवणींत चोर हा वर्ग आला. त्यास कुलूप उघडणें, लपणें, आवाज न करतां चालणें ह्या विद्या शेंकडेवारीच्या कोष्टकासह मिळाल्या. वरवर पाहतां ही निव्वळ भर होती. परंतु ह्यापूर्वीं कोणाही पात्राच्या खेळाडूनें 'मी बूट काढून भिंतीच्या कडेनें जातों' असें म्हटलें, तर सूत्रधार त्याचा विचार करी. आतां लपण्याची विद्या चोराच्या कोष्टकांत लिहिली गेली, तेव्हां ती इतरांजवळ नाहीं असें न लिहितांच ठरूं लागलें. नियम करणारानें ही गोष्ट नित्य स्मरणांत ठेवावी कीं, एकास अधिकार लिहून देतांना तो इतरांस मनाईही लिहून देत असतो. गुंतागुंतीची खरी किंमत पुस्तकाच्या पानांत मोजली जात नाहीं. ती ह्या न लिहिलेल्या मनाईंत मोजावी लागते.

त्यानंतरचा इतिहास आम्ही थोडक्यांत सांगतों. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत अकरा वर्ग झाले, आणि निवडण्याजोग्या कौशल्यांची व विशेष गुणांची संख्या इतकी वाढली कीं, पात्र तयार करणें हाच एक स्वतंत्र अभ्यास होऊन बसला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनें धाडस करून लढवय्यासही जादूगाराप्रमाणेंच शक्तींची यादी दिली: कांहीं केव्हांही वापरावयाच्या, कांहीं एका चकमकींत एकदां, कांहीं दिवसांतून एकदां. विषमता पुष्कळ अंशीं गेली. पण सर्व वर्ग एकाच सांच्यांतून काढल्यासारखे भासतात अशी तक्रार उठली, आणि ज्यास थोडक्यांत खेळावयाचें होतें त्यास जागा उरली नाहीं. दोनच वर्षांनीं प्रकाशकांस लढवय्याचे सोपे प्रकार पुन्हां काढावे लागले. २०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें समेटाचा मार्ग धरिला. तिच्यांत वर्ग बारा. आणि एकट्या लढवय्याच्या पोटांत तीन प्रकार, त्यांपैकीं एक अगदीं सोपा व एक बऱ्याच विचाराचा.

ह्या इतिहासावरून दोन पक्ष उभे राहिले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, नवख्यास, थकल्याभागल्यास व ज्यास नियमांपेक्षां गोष्टींत गोडी आहे त्यास साधें पात्र हवें. तें नसेल तर खेळ मूठभर तरबेजांचा होतो. दुसरा म्हणतो, साधें पात्र म्हणजे ज्यास निर्णय घेण्याजोगें कांहीं दिलेलेंच नाहीं असें पात्र; प्रत्येक पाळीस 'मी वार करतों' एवढेंच म्हणणाऱ्यास खेळाडू तरी कां म्हणावें? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तरीही वाद मिटत नाहीं. ह्याचें कारण, आमच्या मतें, दोघेही दोन भिन्न वस्तूंस एकाच नांवानें हांक मारीत आहेत.

त्या दोन वस्तूंस आम्ही भार आणि वाव अशीं नांवें देतों. खेळाडूस लक्षांत किती ठेवावें लागतें, किती आंकडे मांडावे लागतात, किती पानें चाळावीं लागतात, हा भार. त्याच्या निर्णयानें कथेंत काय व किती पालटूं शकतें, हा वाव. भार थोडा असणें हा साधेपणा. वाव थोडा असणें हें दारिद्र्य. भार मोठा असणें ही गुंतागुंत; वाव मोठा असणें ही खोली. ह्या चार गोष्टी चार निराळ्या आहेत, आणि भाराबरोबर वाव आपोआप वाढतो ही समजूतच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे. बुद्धिबळांतील प्याद्याइतकी साधी चाल दुसऱ्या कोणत्याही मोहऱ्याची नाहीं. तरी फिलिडोर ह्या फ्रेंच खेळाडूनें १७४९ सालच्या आपल्या ग्रंथांत प्याद्यांच्या रचनेस जें महत्त्व दिलें तें अद्यापि कोणी खोडून काढिलेलें नाहीं. आपल्याकडील जुन्या रिवाजांत तर शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरांत पोंचे त्या मोहऱ्याचा अधिकार पावे. चाल एका घराची, पण भवितव्य मोठें, असा हा प्रकार आहे.

आतां ह्या कसोटीवर पांचव्या आवृत्तींतील लढवय्याचे प्रकार घासून पाहावे. त्यांतील सोप्या प्रकारास 'चॅम्पियन' म्हणतात. तिसऱ्या पायरीवर त्यास मुख्य विशेष मिळतो तो असा कीं, वीस बाजूंच्या फांशावर इतरांचा वार केवळ २० पडल्यास दुप्पट फांशांचा होतो, तर ह्याचा १९ वा २० पडल्यास होतो. म्हणजे विसांत एकाऐवजीं विसांत दोन वेळां. गणित म्हणून हें लाभाचें आहे. परंतु येथें खेळाडूनें ठरवावयाचें काय? कांहींच नाहीं. त्याचें वैशिष्ट्य त्याच्या निर्णयांत नसून फांशाच्या कृपेंत आहे. हा साधेपणा नव्हे, हें दारिद्र्य होय. त्याच्या शेजारीं 'बॅटल मास्टर' हा प्रकार पाहा. त्यास तीन डावपेंच शिकावयाचे असतात, आणि ते लढविण्यासाठीं आठ बाजूंचे चार फांसे शिलकेंत असतात; खर्चिले कीं थोड्या विश्रांतीनें ते पुन्हां भरून येतात. शत्रूस पाडावें, त्याचें शस्त्र उडवावें, कीं मित्रावरचा मारा आपणांकडे ओढून घ्यावा, हें त्या त्या क्षणीं ठरवावें लागतें. चार फांसे व तीन पेंच हा भार दहा वर्षांच्या मुलासही जड नाहीं. पण वाव किती तरी पटींनीं वाढला. तात्पर्य, दोहोंत निवड करतांना 'सोपा कीं अवघड' हा प्रश्नच गैरलागू आहे.

तथापि बॅटल मास्टरनेंही खरें दुखणें बरें होत नाहीं, कारण त्याचा सर्व वाव रणांगणापुरता आहे. लढाई संपली, राजसभा सुरू झाली, नदी आडवी आली, दूरच्या मित्रास निरोप धाडावयाचा झाला, कीं जादूगाराच्या पोथींत प्रत्येक प्रसंगास एक पान निघतें. लढवय्याच्या कागदावर त्या प्रसंगासाठीं ओळही नसते. ही उणीव यादी लांबवून भरून निघणारी नाहीं. ह्याच्या उलट २०१० सालीं व्हिन्सेंट बेकर व मेगी बेकर ह्यांनीं केलेला 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' हा खेळ घ्यावा. त्यांत प्रत्येक भूमिकेचा सर्व मजकूर घडी घातलेल्या एका कागदावर मावतो. फांसे दोनच, नेहमींचे सहा बाजूंचे: बेरीज दहा वा अधिक आली तर कार्य साधलें, सात ते नऊ आली तर साधलें पण कांहीं तरी मोजावें लागलें, सहा वा कमी आली तर संकट. त्यांतील एक भूमिका वस्तीच्या धन्याची आहे. त्याच्या कागदावर मंत्रांची यादी नाहीं; वस्ती आहे, तिच्यांतील माणसें आहेत, त्यांची भूक व त्यांचीं भांडणें आहेत. त्याच्या एका शब्दानें कथा वळते. भार हलका व वाव मोठा अशी रचना शक्य आहे, हें ह्या खेळानें प्रत्यक्ष दाखविलें आहे.

येथें आम्हांस आपल्या वाङ्मयाकडे वळणें अगत्याचें वाटतें. परंपरा ज्यांस नांदेडच्या शेष घराण्याशीं जोडते ते वामन पंडित यमकांविषयीं इतके प्रसिद्ध कीं, 'यमक्या वामन' हें त्यांचें नांवच पडून गेलें. परंतु गीतेचा अर्थ सांगावयाचा प्रसंग आला तेव्हां त्याच वामनांनीं 'यथार्थदीपिका' ओवींत रचिली. म्हणजे अवघड छंद ही त्यांची जात नव्हती, ती त्यांची निवड होती. कामानुसार त्यांनीं ती केली व कामानुसार टाकिली. वर्गाची रचना करणारानें हा धडा घ्यावा. सोपेपणा वा अवघडपणा हा लढवय्याचा अथवा जादूगाराचा जन्मजात धर्म नव्हे. साधा जादूगारही असावा, विचारी लढवय्याही असावा. कोणत्या छंदांत बोलावयाचें हें खेळाडूनें ठरवावें.

त्याहूनही जवळचें उदाहरण एकनाथांच्या भारुडांचें. पैठणच्या ह्या सत्पुरुषानें सोळाव्या शतकांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशा रस्त्यांतून व जत्रेंतून फिरणाऱ्या माणसांचीं सोंगें घेऊन अध्यात्म सांगितलें. सोंग पाहतांच ओळखूं येतें. मोरपिसांची टोपी दिसली कीं वासुदेव, संबळ वाजलें कीं गोंधळी. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत डिमडी वाजविणारा वाघ्या पाहून तो कोण हें लहान मुलासही विचारावें लागत नाहीं. परंतु सोंग उमगावयास क्षण लागला तरी त्याचा अर्थ उमगावयास आयुष्य लागतें. भार नाहींच, आणि वावास अंत नाहीं, असा हा मेळ आहे. तमाशांतील सोंगाड्याचेंही तेंच. त्याच्याजवळ ना राजाचा पोषाख, ना ठरीव भाषणें. तरी बतावणींत सर्वांत मोकळा तोच, आणि राजासही प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यासच. ज्याच्या हातीं साहित्य कमी त्याच्या मुखीं मुभा अधिक, हें सूत्र आपल्या लोकरंगभूमीस फार पूर्वीं सांपडलें होतें.

हा सर्व ऊहापोह पाश्चात्त्य खेळांपुरता असता तर आम्ही इतका विस्तार केला नसता. परंतु नांदेडांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दिवाळीच्या सुटींत हा खेळ मांडलेला आम्हीं पाहिला. पुण्याहून आलेला थोरला मुलगा सूत्रधार होता. मराठी शाळेंत सातवींत शिकणारी त्याची धाकटी बहीण खेळावयास बसली. पुस्तक इंग्रजी, बारीक टाइपाचें व तीनशेंहून अधिक पानांचें. 'ताई, तूं लढवय्या हो, तुला कांहीं वाचावें लागणार नाहीं,' असें एका मावसभावानें प्रेमानेंच सुचविलें. मुलीनें मान डोलाविली आणि दोन तास 'मी मारतें' एवढेंच म्हटलें. मुलीस बुद्धि कमी नव्हती. दरवाजा उघडेना तेव्हां आंत कोणाचें तरी बाळ रडत असल्याचें सोंग करूं या, ही युक्ति तिनेंच सुचविली होती. पण तसें करण्याचें कौशल्य तिच्या कागदावर नाहीं असें निघालें. ह्यांत कोणाचाही दुष्ट हेतु नव्हता. तरी नियमांच्या भारानें इंग्रजी वाचणारास वाव दिला व मराठी वाचणारीस गप्प बसविलें, एवढें खरें. लातुरास अकरावी-बारावीसाठीं खेड्यापाड्यांतून येणारीं मुलें हा अनुभव वर्गांत रोजच घेतात. विषय समजण्यापूर्वीं त्याच्या भाषेचा जकातनाका ओलांडावा लागतो. निदान खेळांत तरी तो नाका नसावा.

आणि ह्या देशांत 'वर्ग' हा शब्द निष्पापपणें उच्चारतां येत नाहीं. एकानें अंग मोडून राबावें व दुसऱ्यानें मंत्र म्हणावा, राबणारास विचाराची गरज नाहीं आणि मंत्रवाल्यास सर्व दारें मोकळीं, ही व्यवस्था आपण खेळांत शिकण्यापूर्वीं गांवांत पाहिली आहे. एकनाथांनीं जोहाराच्या भारुडांत महाराच्या मुखानें बोलणें पसंत केलें, तें ज्ञान कोणत्या मुखांतून यावें ह्याविषयींची मिरास मोडण्यासाठींच, असें आम्ही समजतों. म्हणून आपल्या तरुणांपैकीं कोणी मराठी भूमिका-खेळ रचूं लागला, आणि त्यानें वाघ्या, गोंधळी, वासुदेव हीं पात्रें घेतलीं, तर त्यानें दोन गोष्टींचें भान ठेवावें. ह्या सोंगांमागें खऱ्या माणसांचीं दुःखें आहेत. मुरळी म्हणून मुली देवास वाहण्याची चाल तर आज कायद्यानें निषिद्ध आहे, आणि तिचा केवळ रंगीत पोषाख करणें हा अपराध होईल. दुसरें, ह्या पात्रांस साधेपणा द्यावा, पण त्या साधेपणाच्या नांवाखालीं त्यांचा वाव काढून घेऊं नये.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, गुंतागुंतीचाही एक आनंद असतो. अवश्य असतो. मोरोपंतांनीं रामायणें नाना प्रकारांनीं रचिलीं तीं वाचकावर उपकार म्हणून नव्हे, कारागिराच्या उल्हासानें रचिलीं. आणि ज्यास अशा उल्हासाची चव आहे त्याच्या हातून पोथी हिसकावून घेण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जास्त भार वाहणारास त्या वाहण्याचा आनंद मिळावा, अधिक सत्ता मिळूं नये. एकाच पंक्तींत कोणी चार भाज्या घेईल, कोणी वरणभात. पण यजमानानें बोलावें सर्वांशीं. दुसरा आक्षेप असा कीं, वाव जर नियमांत न लिहितां सूत्रधाराच्या मर्जीवर ठेविला, तर लाडक्याचें फावेल व बुजऱ्याचें नुकसान होईल. हा आक्षेप वजनदार आहे, आणि म्हणूनच आम्ही नियम नकोत असें म्हणत नाहीं. प्रत्येक पात्रास, तें कितीही साधें असो, कथेवर हात ठेवण्याचा एक तरी लेखी अधिकार असावा: गांवांत त्यास ओळखणारें कोणी तरी निघेल हा, किंवा संकटांत एक प्रश्न विचारल्यास सूत्रधारानें खरें उत्तर द्यावें हा. असा एक ओळीचा अधिकार शंभर पानांच्या कोष्टकांहून मोलाचा आहे, आणि तो मराठींत एका ओळींत लिहितां येतो.

सोपें पात्र करणें हें अवघड पात्र करण्याहून अवघड आहे. यादी वाढवावयास चिकाटी पुरते. यादी एका ओळीवर आणून तिच्यांत खेळाडूचें संपूर्ण मन मावेल असें करावयास त्या मनाविषयीं आदर लागतो. ज्या खेळांत तो आदर आहे तो खेळ आपल्या मुलांच्या हातीं देण्यास आम्हांस कसलाही संकोच वाटत नाहीं. आणि ज्यांत तो नाहीं, त्याचीं पानें तीस असोत कीं तीनशें, तो अपुराच राहिला असें आम्ही म्हणूं.